बोळात पापड, यादीत पक्षी नाही

गावाचं नाव मी सांगणार नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून कुरकुर नको. वर्धा जिल्ह्यातलं आहे, एवढं तुमच्यासाठी पुरे. तुम्ही आंजी म्हणा, रोहणा म्हणा, नाहीतर अल्लीपूर म्हणा, मी मान हलवणार नाही. ना उभी, ना आडवी. सत्तरी आली, गुडघे ऐकत नाहीत, पण मान अजून माझ्या ताब्यात आहे.

गोष्ट आहे एका पक्ष्याची आणि त्याच्या घरट्याची. आणि थोडीशी माझ्या हट्टाची. आमचे हे म्हणतात, थोडीशी कशाची, सारीच हट्टाची. म्हणू द्या.

आमच्या वर्ध्याकडे पक्षी पाहणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, मोबाइलवरचा. त्यात मास्तर आहेत, बँकेतले लोक आहेत, दवाखानेवाले आहेत, एक औषधाच्या दुकानाचा मालक आहे, आणि मी आहे. हिवाळ्यात काय, कोणीही पक्षी पाहील. तलावावर बदकं उतरली की रस्त्यानं जाणारासुद्धा गाडी थांबवून बोट दाखवतो. उन्हाळ्याची मजा वेगळी. आमच्याकडचा उन्हाळा बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. आणि अशा वेळी, जिथे असायला नको तिथे, एखादा पक्षी असतो. कोणाला धरणावर चक्रवाकाची एकटी जोडी दिसते. सारी बिरादरी उत्तरेकडे परत गेली आणि हे दोघं इथेच तापत बसलेले. कोणाला कचेरीच्या मागे कूलरच्या ओलीत नवरंग सापडतो, प्रवासानं दमलेला, होळीत सापडून आल्यासारखा. मग मोबाइल वाजतच राहतो. "वा!" "क्या बात है!" "कुठे? कुठे?"

हे "कुठे" लक्षात ठेवा.

या साऱ्याची दर वर्षी एक उन्हाळी यादी होते. ती आमचे सर करतात. सर म्हणजे शाळेतून रिटायर झालेले मास्तर, ग्रुपचे मुखिया. यादीचा नियम साधा आहे: पक्ष्याचा फोटो पाहिजे आणि जागा पाहिजे. दोन्ही असलं की पक्ष्याच्या नावापुढे पाहणाऱ्याचं नाव छापून येतं. नाही तर नाही. त्या छापलेल्या नावासाठी चांगली चांगली माणसं भर उन्हात मोटारसायकल काढतात.

आता किराणा दुकानवालीचा पक्ष्यांशी काय संबंध, तेही सांगते. मी सातवी शिकले. सासर किराण्याचं. पूर्वी पुड्या बांधायला रद्दी यायची, त्या रद्दीत एकदा पक्ष्यांच्या चित्रांचं पुस्तक आलं. पुठ्ठा फाटलेला. माझ्या हाती लागेपर्यंत सुरुवातीची पानं जिऱ्या-मोहरीला लागून गेली होती. त्या पानांवर कोणते पक्षी होते देव जाणे. ते पक्षी आजही मला ओळखता येत नाहीत. बाकीचे येतात.

आणि दुसरी शाळा म्हणजे आमची गच्ची. दर उन्हाळ्यात तिथे वाळवण. कुरोड्या, सरगुंडे, मुगवड्या. राखणीला डोक्यावर ओला पदर घेऊन, हातात काठी घेऊन मी. चिमण्या आल्या, हाकला. साळुंक्या आल्या, हाकला. ज्याच्याशी रोजचं भांडण असतं त्याला माणूस बरोबर ओळखायला लागतो. कोण चोर, कोण लाजाळू, कोण आधी दुसऱ्याला पुढे पाठवतो. हाकलता हाकलता एक दिवस काठी खाली राहिली आणि मी नुसती पाहतच राहिले. सर एकदा दुकानात आले होते, त्यांनी मला रद्दीतलं पुस्तक चाळताना पाहिलं. हसले नाहीत. पुढच्या आठवड्यात स्वतःची जुनी दुर्बीण आणून दिली आणि म्हणाले, "वहिनी, परत नाही केली तरी चालेल." त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. हे इथेच लिहून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याशी भांडणार आहे.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमचं घर लांबट आहे. पुढे दुकान, मग ओसरी, मग खोल्या, आणि मागे आंगण. आंगणात आंब्याचं झाड. मागे जायला बाहेरून वाट नाही, चारी बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती. ओसरीतून बाजूच्या बोळानं गेलं तरच आंगण. मागच्या खिडकीच्या अर्ध्या भागात कूलर बसवलेला आहे, त्याची टाकी झिरपते. आमचे हे दर मार्चमध्ये म्हणतात, "यंदा टाकी बदलूनच टाकतो." मी तिथे एक परात ठेवून दिली. थेंब थेंब पाणी परातीत पडतं, आंब्याची एक फांदी लवून थेट परातीवर आलेली.

मी खिडकीशी लसूण सोलत बसले होते. एकदम काहीतरी पांढरं वरून परातीत आलं आणि गेलं. कोणी पांढरी फीत पाण्यात बुडवून वर ओढून घ्यावी तसं. मला वाटलं, उन्हानं डोळ्यांपुढे चमकलं. पुन्हा आलं. पुन्हा गेलं. मग फांदीवर बसलं, तेव्हा दिसलं. डोकं काळं कुळकुळीत, त्यावर तुरा, अंग पांढरं शुभ्र, आणि शेपटी! शेपटी काय सांगू बाप्पा, अंगाच्या दुप्पट लांब, लोंबती. स्वर्गीय नर्तक. पुस्तकातलं ते पान मी इतक्यांदा पाहिलं होतं की त्याला माझ्या बोटांच्या हळदीचा डाग आहे. जंगलात हा एकदा दुरून दिसला होता. हिवाळ्यात आमच्या भागातून येता-जाता दिसल्याचं लोक सांगतात. पण भर मे महिन्यात, गावात, कूलरच्या मागे? मी कधी ऐकलं नव्हतं.

तो एकटा नव्हता. तपकिरी रंगाची, आखूड शेपटीची त्याची बायकोही होती, आणि ती खिडकीच्या कोपऱ्यातली कोळ्याची जाळी ओढून नेत होती. दिवाळीला साफसफाईत तो कोपरा माझ्याकडून सुटला होता. एरवी त्या जाळीवरून मी बोलणी खाल्ली असती; इथे तिचं घर होऊन राहिलं होतं. लवलेल्या फांदीच्या बेचक्यात, माझा हात पोचेल एवढ्या उंचीवर, द्रोणाएवढं घरटं तयार झालं. मग अंडी. आणि मग मजा अशी, की अंड्यांवर तो नवरदेवही बसायचा! पांढऱ्या कपड्यांचा, तुरेवाला. घरट्यात अंग मावायचं नाही, शेपटी सारी बाहेर लोंबती.

ह्यांना बोलावून खिडकीतून दाखवलं. "पाहा जी. थो पाहा अंडी उबवून राह्यला. तुमच्यानं गॅसवरचं दूध नाई पाह्यल्या जात."

हे म्हणाले, "त्याले दुकान नाई ना पाहा लागत."

आनंद पोटात मावत नव्हता. मोबाइल उघडला आणि ग्रुपवर लिहिलं: आज स्वर्गीय नर्तकाचं घरटं पाहिलं. नर-मादी दोघंही अंड्यांवर बसतात. दुसरं काही लिहिलं नाही. एका मिनिटात मोबाइल नाचायला लागला. "वा!" "मावशी, कमाल!" आणि लगेच, "कुठे? कुठे?"

तेवढ्यात मला हळद्या आठवला.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात कोणाला तरी एका शेतातल्या विहिरीजवळ हळद्याचं घरटं दिसलं होतं. जागा ग्रुपवर आली, आम्ही सारे गेलो. आमच्यात एक जण आहेत, मोठ्या कॅमेऱ्याचे. वर्ध्यात चांगल्या नोकरीत आहेत, माणूस वाईट नाही, पण डोळ्याला कॅमेरा लावला की त्यांना बाकीचं काही दिसत नाही. मी त्यांना मनातल्या मनात नळीवाले म्हणते, कॅमेऱ्यापुढे ती एवढी मोठी नळी असते म्हणून. घरट्यासमोर पानांची फांदी येत होती. त्यांनी खिशातून सुतळी काढली आणि ती फांदी मागे ओढून बांधली. "दोनच मिनिटं," म्हणाले. फोटो झाले, चहा झाला, सारे घरी आलो. सुतळी तशीच राहिली. त्या शेतातली बाई दुसऱ्या दिवशी पाण्याला गेली तेव्हा पिल्लं उन्हानं संपलेली. तिनंच मग ती सुतळी सोडली.

फोटो सुंदर आला होता. यादीत छापला. त्यात पिल्लं चोची वासून आहेत. लोक म्हणाले, किती भूक लागली बिचाऱ्यांना. भूक नव्हती ती. त्यांना ऊन लागत होतं.

सरांना वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. त्यांनी ग्रुपवर काळजी घ्या म्हणून चार ओळी लिहिल्या. त्याखाली लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. झालं. पिल्लांचा निकाल लागला.

तर "कुठे" विचारल्यावर मी मोबाइल उलटा करून ठेवला आणि लसूण सोलायला घेतला. थोड्या वेळानं सरांचा फोन.

"वहिनी, काय बातमी दिली तुम्ही! उन्हाळ्यातली या भागातली अशी नोंद आपल्याकडे नाही. कुठे आहे घरटं?"

"आहे सर, जिल्ह्यातच."

"जिल्हा मोठा आहे हो."

"हाव ना. म्हणूनच तं सुखात आहे."

सर हसले. मग समजावायला लागले, वर्गात समजावत तसे. "हे पाहा, नोंद आपण कशाला करतो? उद्या तिथून रस्ता निघाला, झाड तोडायला माणसं आली, तर दाखवायला हातात कागद नको? कागदावर नसलेला पक्षी कोणी वाचवत नाही."

बोलणं खरं होतं. जंगलासाठी, तळ्यासाठी खरंच आहे. कागद नसला तर सरकार ऐकत नाही, हे दुकान चालवून मलाही ठाऊक आहे. पण माझ्या डोळ्यांपुढे सुतळी होती. मी म्हटलं, "सरकारी झाडाले कागद लागते सर. या झाडाले मी आहो."

बोलून गेले आणि जीभ चावली. झाड माझं आहे हे मीच सांगून बसले होते. सर "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

ग्रुपवर मात्र गंमत सुरू झाली. नळीवाल्यांनी लिहिलं, "मावशी, उन्हात फिरताना खिशात कांदा ठेवत जा, ऊन लागत नाही." दुसऱ्यानं लिहिलं, "बुलबुलाला शेपूट फुटली असन." त्यावर हसण्याची चित्रंच चित्रं. औषधाच्या दुकानवाल्यानं ह्यांना रस्त्यात थांबवून विचारलं, "कसा आहे स्वर्गातला पाव्हणा?" संध्याकाळी सरांनी ग्रुपवर लिहिलं: पुराव्याअभावी ही नोंद धरता येत नाही. तेवढंच. शब्द सरळ होते, पण मला ते रात्रभर खडा रुतावा तसे रुतले.

हे चिडले. "एक फोटो पाठवून दे ना! लोक हासून राह्यले."

"मोबाइलनं फोटो काढाचा तं फांदीखाली जा लागते. थे उडून जाईन. आन् फोटोत कूलर आला तं? आपला कूलर साऱ्याइले ठाऊक आहे, तुमीच तं साऱ्याइले दाखवत राह्यता, किती जुना झाला म्हणून."

"पण अब्रू..."

"अब्रू वाळवणात घालते मी. वाळली की कडक होते."

हे पुटपुटत दुकानात गेले. मला माहीत होतं, ह्यांना माझ्यावर राग नव्हता. हसणाऱ्यांवर होता. पण तो काढायचा कुठे, म्हणून माझ्यावर.

मला त्या हसण्याचं दुःख झालं नाही असं नाही. झालं. इतक्या वर्षांत त्या लोकांनी मला कधी दुकानवाली म्हणून वेगळं काढलं नव्हतं. आता वाटायला लागलं, की यांनी मला बोलू दिलं ते कौतुक म्हणून, विश्वास म्हणून नाही. वाटलं ते वाटलं. पण घरट्यात अंडी होती आणि माझ्या हातात एवढंच होतं, की जागा सांगायची नाही. ते मी हातातून जाऊ देणार नव्हते.

तेवढ्यात पापड आले.

आमच्या गल्लीत पापडाची पाळी असते. एक दिवस एकीच्या घरी, दुसऱ्या दिवशी दुसरीच्या. साऱ्या जणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जातात आणि एका बैठकीत त्या घरचे वर्षाचे पापड लाटून देतात. माझी पाळी नेहमी मागच्या आंगणात, आंब्याखाली. साऱ्या गल्लीत थंड जागा तीच. आणि आता तिथे तर नवरदेव बसलेला. इतक्या बायका, इतक्या गप्पा, बांगड्या, लाटणी. मी निरोप पाठवला, यंदा माझी पाळी सोडा.

पाळी सोडा? गल्लीत असं कोणी ऐकलं नव्हतं. पलीकडच्या घरच्या मोठ्याबाई, वयानं साऱ्यांत वडील आणि तोंडानंही, तडक घरी आल्या.

"काऊन वो? आमच्या हातचे पापड गोड नाई लागत काय आता?"

"तसं नाई जी मोठ्याबाई."

"मंग? आंबा तोडला? भांडण झालं? बोल ना!"

मी त्यांचा हात धरून त्यांना मागच्या खिडकीशी नेलं आणि पडदा बोटभर सरकवला. मोठ्याबाईंना चष्म्यातून दिसायला वेळ लागला. मग दिसलं. शेपटी वाऱ्यानं हलत होती.

"अवो माय," त्या कुजबुजल्या. मी त्यांना कुजबुजताना पहिल्यांदा ऐकलं. "हा तं बाप आहे काय बसलेला? आन् बाई कोठी गेली?"

"जेवाले गेली."

"बरी आहे बाई तिची!" पदर तोंडात कोंबून त्या अशा हसल्या, की मीच घाबरले, पक्षी उडेल म्हणून.

मग मी त्यांना सारं सांगितलं. हळद्याची सुतळी, ग्रुप, कांदा, बुलबुल, सारं. त्यांनी ऐकून घेतलं आणि जणू पापडाचं प्रमाण सांगताहेत तशा म्हणाल्या, "पापड होईन. इथंच होईन. ओसरीत लाटू आन् बोळात घालू. बोळात सावली आहे, वारा आहे. तोंडं मी बंद ठेवते साऱ्याइची."

आणि ठेवली. पापडाचा दिवस उजाडला, नवतप्याचा होता, मेअखेरच्या त्या नऊ जळत्या दिवसांतला. सकाळीच ऊन भाजत होतं. ओसरीत पोळपाटं मांडली, पीठ तेल लावून कुटलं, आणि साऱ्या गल्लीच्या बायका खालच्या आवाजात बोलत होत्या. पापडाला बसून बायका हळू बोलतात हे दृश्य मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. जणू घरात बाळंतीण आहे. जुनी लुगडी अंथरून बोळ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पापडांनी भरून गेला. उडदाचा पापड उन्हात घातला तर मुडपतो, त्याला अशी सावलीच लागते. त्या दिवशी त्या बोळात तीळ ठेवायला जागा नव्हती.

आणि दुकानासमोर गाडी थांबली.

हे ओसरीत आले, चेहरा पडलेला. "पाहा, कोण आलं." मागे सर, आणि सरांच्या मागे नळीवाले, गळ्यात ती नळी.

"वहिनी, इकडून चाललोच होतो, म्हटलं भेटावं," सर म्हणाले. सरांना खोटं बोलता येत नाही. कान लाल झाले होते.

नळीवाले सरळ बोलले. "मावशी, मागचं झाड पाहू द्या ना जरा. दोनच मिनिटं."

तीच दोन मिनिटं. दारी आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? सरांना कसं म्हणायचं? तेवढ्यात मोठ्याबाई लाटणं न थांबवता म्हणाल्या, "जाजो ना बाबू. वाट ह्याच बोळातून आहे. पापडावर पाय नको देजो म्हंजे झालं."

नळीवाल्यांनी बोळात पाहिलं. पांढरे-पिवळे पापडच पापड. पार आंगणाच्या उजेडापर्यंत.

"थोडे उचलता येणार नाहीत का?"

"ओला पापड उचलला तं घडी होते. घडीचे तू खाशील काय?"

"वाळायला किती वेळ?"

"वाळन तेव्हा वाळन. त्याले घाई केली तं मुडपते थो. मानसासारखंच आहे."

बायका खुसखुसल्या. नळीवाल्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच एक पाय उचलला, दोन पापडांच्या मध्ये कुठे टेकतो का पाहायला. पायात बूट.

एका क्षणात साऱ्या ओसरीतली लाटणी थांबली. साऱ्या जणी फक्त त्या बुटाकडे पाहत होत्या. आमच्याकडे दारू पिऊन लोळणारा गडीसुद्धा वाळत घातलेल्या अन्नावरून पाय टाकत नाही, वळसा घालून जातो. नळीवालेही शेवटी इकडच्याच मातीचे, त्यांच्याही घरी आई पापड घालत असेल. पाय तसाच हवेत राहिला आणि मग जिथून निघाला होता तिथेच परत आला. "सॉरी," म्हणाले. कोणाला म्हणाले कोण जाणे. पापडांनाच म्हणाले असतील.

आणि नेमकं त्याच वेळी मागून आवाज आला. एवढ्या देखण्या पक्ष्याचा आवाज फार बेसूर असतो. कोरडा, घासल्यासारखा, "च्वेच, च्वेच." बोळातून सरळ ओसरीत.

सरांनी मान वर केली. तो आवाज सरांना ओळखता येणार नाही असं होणं शक्य नाही. माझ्या हातातली लाटी हातातच राहिली.

"हा कसला आवाज?" नळीवाल्यांनी विचारलं.

"कूलर," हे म्हणाले. आमचे हे! "पंखा घासून राह्यला. ग्रीस टाकाचं आहे कधीचं. टाकी बी बदलाची आहे." आणि मग टाकी किती जुनी, पत्रा कसा गंजला, वर्ध्याला नवीन कूलरचा काय भाव सांगतात, हे त्यांनी नळीवाल्यांना इतकं सविस्तर सांगितलं, की बिचाऱ्याला दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. फोटो पाठव, फोटो पाठव म्हणून माझ्या मागे लागलेला हाच तो माणूस. त्या दिवशी मला कळलं, त्यांनी ती झिरपती टाकी इतकी वर्षं का बदलली नाही ते. आळस. दुसरं काही नाही. पण त्या दिवशी आळसही कामाला आला.

सर पायरीवर बसले. मी लाटी तेलात बुडवून त्यांच्या हातावर ठेवली. पापडाची कच्ची लाटी, पाळीच्या घरी आलेल्याला ती दिल्याशिवाय जाऊ देत नाहीत. नळीवाल्यांनाही दिली. हट्ट वेगळा, लाटी वेगळी.

सर सावकाश खात होते. आवाज पुन्हा आला. सरांनी डोळे मिटले आणि उघडले. मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "वहिनी, यादीत नाही घेता येणार हं. नियम आहे."

"नका घेऊ, सर."

"तुमचं नाव राहून जाईल."

"माह्यं नाव रेशनकार्डावर आहे. यादीत नसला म्हणून तो उडाचा थांबून राह्यला काय?"

सर हसले नाहीत. "नाही," म्हणाले. "थांबत नाही." हात धुतले, नमस्कार केला, नळीवाल्यांना घेऊन गेले. ग्रुपवर त्यांनी त्याबद्दल कधी काही लिहिलं नाही. हसणाऱ्यांना थांबा असंही लिहिलं नाही. त्यांच्या नियमानं ते चालले, माझ्या नियमानं मी.

गाडीचा आवाज गेल्यावर मोठ्याबाईंनी लाटणं आपटलं. "आता बोला वो मोठ्यानं! माह्या जिभेले मुंग्या आल्या."

पुढचे दिवस सोपे नव्हते. टकाचोर टपून असायचा, अंडी आणि पिल्लं चोरणारा तो लबाड पक्षी. मी जुनी वाळवणाची काठी काढली आणि खिडकीशी बसले. लाइट गेली की पाण्याची मोटर बंद, टाकी रिकामी, परात कोरडी. मग खिडकीतूनच मगानं पाणी घालायचं, तेही हळू, फांदी हलू न देता. त्या फांदीवरच्या कैऱ्या मी लोणच्याला काढल्या नाहीत. पिकून गळल्या, गळू द्या. पिल्लं निघाली, चोची वासायला लागली. आधी मी पुन्हा पुन्हा वाकून पाहायचे, भूक की ऊन? पण पानं जागेवर होती. सावली जागेवर होती. भूकच होती.

आणि पाऊस यायच्या आधीच एका सकाळी घरटं रिकामं होतं, आणि आंब्याच्या वरच्या फांदीवर आखूड शेपटीची पिल्लं धडपडत होती. हे दुकान उघडायचं सोडून खिडकीशी उभे. "गेले काय?" "गेले." "सारे?" "सारे." ह्यांनी शर्टाच्या बाहीनं चष्मा पुसला आणि गिऱ्हाईक आलं म्हणून निघून गेले. गिऱ्हाईक आलेलं नव्हतं.

यादी छापून आली. सरांनी स्वतः दुकानात आणून दिली. चक्रवाक आहे त्यात, नवरंग आहे, आणखी दोन-तीन सुंदर नोंदी आहेत, ज्यांच्या त्यांच्या नावानिशी. मी सारी वाचली. माझा पक्षी नाही. सरांनी विचारलं, "आता तर घरटं रिकामं असेल, वहिनी. आता सांगायला काय हरकत?"

"पाव्हणे त्याच घरी परत येते, सर," मी म्हटलं.

लोक मला आजही विचारतात, खरंच दिसला होता का? विचारू द्या. जे यादीत आहे तेवढंच खरं, असं ज्यांना वाटतं त्यांनी यादी वाचावी. माझ्या पुस्तकाची पहिली पानं मोहरीच्या पुडीत गेली, म्हणून त्या पानांवरचे पक्षी जगातून गेले नाहीत. मी पाहिला. मोठ्याबाईंनी पाहिला. ज्याला जिवंत ठेवायचा होता तो जिवंत गेला. माझ्यासाठी नोंद ती.

यंदाचा मे लागला तेव्हा आमच्या ह्यांनी टाकी बदलली नाही. मी परात घासून जागेवर ठेवली. खिडकीच्या कोपऱ्यातली जाळी काढली नाही, सुट्टीला आलेल्या सुनेलाही काढू दिली नाही. पापडाची पाळी आली, तर मोठ्याबाईंनी निरोपही धाडला नाही, की यंदा कुठे बसायचं. सरळ आल्या, पोळपाट ओसरीत ठेवलं, आणि लुगडी अंथरायला लागल्या.

नवरदेव पुन्हा आला का, ते विचारू नका. मी मान हलवणार नाही. पापड बोळात घातले होते, एवढं सांगते.